ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन : अंतर, उड्डाणाची वेळ आणि नेहमी विचारले जाणारे बाकीचे प्रश्न

उत्तर नॉर्वेतले ट्रॉम्सो आणि स्वालबार्ड द्वीपसमूहातले लाँगयरब्येन. पहिले शहर आर्क्टिक वृत्ताच्या बरेच वर आहे आणि दुसरे तर जगातल्या नियमित प्रवासी विमानसेवेचे उत्तरेकडचे शेवटचे ठिकाण. लाँगयरब्येनच्या पुढे कोणालाही तिकीट काढून जाता येईल असा विमानतळ नाही. उत्तरप्रकाश बघायला ट्रॉम्सोपर्यंत जाणाऱ्यांच्या डोक्यात "आता आलोच आहोत तर पुढे किती?" हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर आणि त्याला चिकटून येणाऱ्या इतर प्रश्नांची उत्तरे इथे आहेत.

दोन विमानतळांमधले अंतर किती?

सुमारे ९६० किलोमीटर. मैलांत साधारण ५९७ आणि सागरी मैलांत ५१८च्या आसपास. हे हवाई अंतर आहे. मधे बॅरेंट्स समुद्र आणि नॉर्वेजियन समुद्र असल्याने रस्त्याचा प्रश्नच येत नाही.

एका ठिकाणी ९५७ लिहिलेले असते, दुसरीकडे ९६१. खरे कोणते?

दोन्ही बरोबर. पृथ्वी पूर्ण गोल धरून हिशेब केला तर आकडा ९५८च्या जवळपास येतो. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे लक्षात घेतले की त्यात साडेतीन-चार किलोमीटरची भर पडते. संगणकावरच्या बऱ्याच अंतर-गणकांमध्ये पहिली पद्धत वापरलेली असते.

घरी कागदावर पडताळून बघायचे असेल तर अवघड नाही. ट्रॉम्सो विमानतळ ६९.६८ अंश उत्तर, १८.९२ अंश पूर्व. लाँगयरब्येनचा ७८.२५ अंश उत्तर, १५.४७ अंश पूर्व. अक्षांशांतला फरक साधारण ८.५७ अंश. त्या भागात अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.६ किलोमीटर, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतर ९५६. रेखांशांतला फरक ३.४५ अंश, पण इतक्या उत्तरेला रेखावृत्ते एकमेकांच्या फार जवळ आलेली असतात. ७४ अंशांवर रेखांशाचा एक अंश जेमतेम ३१ किलोमीटर भरतो (मुंबईच्या अक्षांशावर तोच १०५ असतो), म्हणून पूर्व-पश्चिम अंतर १०७च्या आत. आता शाळेतला पायथागोरस काढा: ९६२. म्हणजे साध्या वहीतले गणितही एक-दोन किलोमीटरच्या फरकाने बरोबर येते. मार्ग जवळजवळ सरळ उत्तरेला जातो म्हणून हे जमते. मुंबई-न्यूयॉर्कला ही युक्ती लावू नका.

नकाशात तर हे अंतर मुंबई-दिल्लीच्या कितीतरी पट दिसते. ते कसे?

भिंतीवरचा किंवा मोबाइलमधला नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो आणि ही पद्धत ध्रुवांकडचा भाग बेसुमार ताणते. ७४ अंशांवर ताण साडेतीन पटींहून जास्त, खुद्द लाँगयरब्येनपाशी तर जवळजवळ पाच पट. मुंबई-दिल्ली हवाई अंतर ११४० किलोमीटर आहे, म्हणजे ट्रॉम्सो-लाँगयरब्येन त्याहून कमीच. मुंबई-चेन्नईशी तुलना केलेली बरी: ते १०३०च्या आसपास.

उड्डाणाला किती वेळ लागतो?

वेळापत्रकात साधारण १ तास ३५ ते १ तास ४० मिनिटे. प्रत्यक्ष हवेत त्याहून कमी.

जेट विमान ताशी ८४० किलोमीटरने जाते. मग हिशेबाने ७० मिनिटांत पोहोचायला हवे ना?

हा हिशेब सगळेच करतात आणि सगळ्यांचाच चुकतो, कारण ताशी ८४० हा वेग फक्त वर, सपाट उडतानाचा. चढायला आणि उतरायला प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि त्या काळात वेग बराच कमी असतो. इतक्या आखूड मार्गावर चढण आणि उतरण मिळूनच प्रवासाचा मोठा हिस्सा होतो.

शिवाय तिकिटावरची वेळ विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतची असते. तिच्यात धावपट्टीपर्यंत जाणे आले, उतरल्यावर परत येणे आले आणि हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढणेही आले. ट्रॉम्सोत हे काम खिडकीतून बघण्यासारखे असते. उंच दांडीवर पाळण्यात बसलेला माणूस पंखावर गरम, नारिंगी रंगाचा ग्लायकॉलमिश्रित फवारा मारतो, वाफेचा लोट उठतो आणि खिडकीची काच काही वेळ धुरकट होते. बर्फ पडतच असेल तर त्यावर दुसऱ्या, दाट द्रवाचा थर देतात. पंधरा-वीस मिनिटे सहज जातात.

तरीही हा मार्ग वेळेच्या बाबतीत किफायतशीरच म्हणायचा. मुंबई-नागपूर अंतर ६९० किलोमीटर असूनही वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास धरतात, कारण मुंबईत धावपट्टीसाठी रांग असते आणि उतरताना घिरट्या असतात. ट्रॉम्सोच्या वर तशी गर्दी नाही आणि लाँगयरब्येनला तर दिवसाकाठी मोजकीच मोठी विमाने येतात.

जाताना आणि येताना वेळेत फरक पडतो का?

थोडाफार. मुंबई-लंडनसारख्या पूर्व-पश्चिम मार्गावर वरच्या वेगवान वाऱ्यामुळे जाण्यायेण्यात तासाभराचाही फरक पडू शकतो. इथे मार्ग उत्तर-दक्षिण आणि वारा बहुतेक वेळा आडवा, त्यामुळे फरक काही मिनिटांचा. एखादे मोठे वादळी आवर्त समुद्रावर असेल तर मात्र गणित बदलते.

ऑस्लोहून थेट जावे की ट्रॉम्सोमार्गे?

ऑस्लो ते लाँगयरब्येन थेट अंतर सुमारे २०१५ किलोमीटर, वेळ तीन तासांच्या आसपास. ऑस्लो-ट्रॉम्सो सुमारे १११५, पुढचे ९६०, एकूण २०७५. म्हणजे ट्रॉम्सोमार्गे गेल्याने अंतर फक्त ६० किलोमीटर वाढते, पण एक जास्तीचे उतरणे, पासपोर्ट तपासणी आणि थांबा यामुळे वेळ बराच वाढतो. ट्रॉम्सोत चार दिवस राहायचेच असेल तर तिथून पुढे जाणे सरळ. नुसते स्वालबार्ड बघायचे असेल तर ऑस्लोहून थेट विमान घ्यावे असे माझे मत. एसएएस आणि नॉर्वेजियन या कंपन्या स्वालबार्डला जातात, पण कोणत्या दिवशी कोणता मार्ग हे ऋतूप्रमाणे बदलते, तेव्हा तारखा ठरवण्याआधी वेळापत्रक बघा. विमाने बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० या कुळातली, म्हणजे आपल्याकडे मुंबई-पुण्याहून रोज उडतात तसलीच.

मुंबईहून एकूण किती दूर?

सरळ हवाई अंतर काढले तर मुंबई-लाँगयरब्येन सुमारे ७२०० किलोमीटर. मुंबई-ऑस्लोच ६६००च्या पुढे आहे. गंमत अशी की सरळ रेषेत ऑस्लोपेक्षा लाँगयरब्येन फक्त सहाशे किलोमीटर लांब, पण जावे लागते ऑस्लोवरूनच, म्हणून प्रत्यक्षात दोन हजारांची भर. थांबे धरून एक दिवसात पोहोचणे कठीण. ऑस्लोत एक मुक्काम धराच.

घड्याळ बदलावे लागते का?

ट्रॉम्सो आणि लाँगयरब्येनची वेळ एकच. भारताच्या मागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असे ऐकले. खरे का?

अर्धेच खरे. लोक फसतात ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व आहे ते ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या करारानुसार. करार १९२५ साली अमलात आला. त्या वेळी ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही त्यात आला आणि आजही भारत करारातला सदस्य देश आहे. या बेटांवर राहायला कोणत्याच देशाच्या माणसाला व्हिसा लागत नाही. (मात्र स्वतःचा खर्च भागवता आला पाहिजे, तो भागत नसेल तर तिथला राज्यपाल माघारी पाठवू शकतो.)

पण स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे. तुम्ही ऑस्लोत उतरता तेव्हा शेंगेनमध्ये शिरता, ट्रॉम्सो किंवा ऑस्लोहून स्वालबार्डचे विमान पकडता तेव्हा शेंगेनमधून बाहेर पडता आणि परतताना पुन्हा आत येता. एकप्रवेशी व्हिसा असेल तर परतीच्या वेळी तुमच्या हातात वैध व्हिसाच उरत नाही. म्हणून भारतीय पासपोर्टधारकांनी दुहेरी किंवा बहुप्रवेशी शेंगेन व्हिसाच घ्यावा आणि अर्जातच स्वालबार्डचा बेत स्पष्ट लिहावा. देशांतर्गत प्रवास आहे असे समजून पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघणारेही असतात. ट्रॉम्सोच्या विमानतळावर स्वालबार्डच्या प्रवाशांना पासपोर्टची खिडकी ओलांडूनच पुढे जावे लागते.

ऑस्लोहून निघालेले विमान ट्रॉम्सोत थांबून पुढे जाणारे असेल तर तुमची सीट तीच असली तरी सामान घेऊन खाली उतरायचे, पासपोर्ट दाखवायचा आणि परत चढायचे. करांच्या दृष्टीनेही स्वालबार्ड वेगळे आहे, त्यामुळे परतताना मुख्य भूमीवर सीमाशुल्काची पायरी असते. बॅग शेवटपर्यंत जाणार की मधे उचलायची, हे चेक-इनलाच विचारून घ्या.

हवामानामुळे विमान रद्द होते का? परत फिरते का?

होते आणि फिरतेही. दाट धुके, बाजूचा जोरदार वारा, धावपट्टीवर गोठलेला पाऊस यांपैकी काहीही पुरते. मुद्दा असा की मुंबईत उतरता आले नाही तर विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला जाते. लाँगयरब्येनला तशी शेजारची सोय नाही. स्वालबार्डमधल्याच नी-आलेसुंद या संशोधन वस्तीची पट्टी छोट्या विमानांपुरती, जेमतेम आठशे मीटरची. म्हणून व्यवहारात मोठ्या विमानाला पर्याय मुख्य भूमीचाच, म्हणजे परत ९०० किलोमीटरच्या वर दक्षिणेला. वैमानिक निघतानाच परतीपुरते इंधन धरून निघतो. तुम्ही दीड तास उत्तरेला गेलात, ढगांत दोनदा उतरण्याचा प्रयत्न झाला आणि चार तासांनी पुन्हा ट्रॉम्सोतच उतरलात, असे होऊ शकते. अंतर दुप्पट, वेळ दुपटीहून जास्त आणि पोहोचणे शून्य.

त्यामुळे परतीचे विमान आणि ऑस्लोहून मुंबईचे विमान एकाच दिवशी ठेवू नका. मधे एक दिवस मोकळा सोडा, हिवाळ्यात शक्य असेल तर दोन. आणि दोन्ही तिकिटे एकाच आरक्षणात असतील तर पुढचे विमान चुकल्यावर भांडायला जागा राहते. वेगवेगळी स्वस्त तिकिटे जोडून केलेली बचत इथे महागात पडू शकते.

हा मार्ग धोक्याचा आहे का?

नाही. लाँगयरब्येनच्या इतिहासातला मोठा अपघात २९ ऑगस्ट १९९६चा. मॉस्कोहून खाणकामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांना घेऊन आलेले तुपोलेव टीयू-१५४ विमान उतरताना मार्गापासून बाजूला सरकले आणि ढगांत लपलेल्या ओपेराफ्येलेट डोंगरावर आदळले. सगळे १४१ जण गेले. नॉर्वेच्या भूमीवरचा हा सर्वात मोठा विमान अपघात.

कोणत्या बाजूची खिडकी घ्यावी?

उत्तरेला जाताना निम्म्या वाटेवर उजव्या हाताला ब्यॉर्नोया हे एकाकी बेट येते. तिथे हवामान केंद्रावरची मोजकी माणसे सोडली तर वस्ती नाही. पण ते बहुतेक वेळा ढगांखाली असते, त्यामुळे फक्त त्याच्यासाठी सीट निवडू नका. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत विमान स्पिट्सबर्गन या स्वालबार्डच्या मुख्य बेटाच्या दक्षिण टोकावरून आत येते आणि दोन्ही बाजूंना हिमनद्या, टोकदार डोंगर आणि फ्योर्ड (डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्या) दिसतात. पंखावरची जागा टाळली म्हणजे झाले.

हिवाळ्यात काळोखात विमान उतरते का? आणि सूर्य दिसतो का?

उतरते. दिवे लावलेली धावपट्टी असते, ध्रुवीय रात्र असो वा नसो.

लाँगयरब्येनला २६ ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली जातो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वर येत नाही. ट्रॉम्सोला तोच काळ २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारीच्या आसपास. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी तुम्ही ट्रॉम्सोहून निघालात तर ऊन असते आणि दीड तासाने जिथे उतरता तिथे सूर्य उगवणेच बंद झालेले असते. त्यातही, ११ किलोमीटर उंचीवरून क्षितिज सुमारे साडेतीन अंश खाली दिसते, म्हणून आकाश स्वच्छ असेल तर भर दुपारी विमानातून लाल सूर्य दिसत राहतो आणि विमान खाली येऊ लागले की मावळतो. हा सूर्यास्त पृथ्वीच्या फिरण्यामुळे कमी आणि वैमानिकाने उंची सोडल्यामुळे जास्त होतो. दुपारचेच विमान हवे, हे मात्र लक्षात ठेवा.

उलट २० एप्रिल ते २२-२३ ऑगस्टपर्यंत लाँगयरब्येनला सूर्य मावळतच नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी बरोबर न्या.

गोठलेल्या जमिनीवर धावपट्टी टिकते कशी?

मला या सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. १९५९ पासून हिवाळ्यात शेजारच्या अ‍ॅडव्हेंटडालेन खोऱ्यातल्या गोठलेल्या जमिनीवर विमाने उतरत. उन्हाळ्यात ती जमीन चिखल व्हायची आणि हवाई मार्ग बंद. बारमाही विमानतळ हवा होता, पण शीतयुद्धाचे दिवस. नाटोतल्या नॉर्वेने इथे धावपट्टी बांधणे सोव्हिएत संघाला रुचत नव्हते. बोलणी झाली, काम सुरू झाले आणि २ सप्टेंबर १९७५ रोजी राजा पाचवा ओलाव्ह याच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले. (ट्रॉम्सोचा विमानतळ त्याआधीचा, १९६४चा.)

धावपट्टी सुमारे २४८० मीटर लांब, समुद्राला लागून. खाली कायम गोठलेली जमीन, तिच्या वरचा थर मात्र दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात फुगतो. काळे डांबर ऊन शोषून ही वरखाली हालचाल आणखी वाढवते. काही भागांत पट्टीखाली उष्णतारोधक थर घालावे लागले आणि डागडुजी सतत चालू असते. स्वालबार्डचे तापमान झपाट्याने वाढते आहे: २५ जुलै २०२० रोजी याच विमानतळावर २१.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले, आणि तो तिथला उच्चांक ठरला. पट्टीवर खडबडीत धक्के जाणवले तर वैमानिकाला दोष देऊ नका.

उतरल्यावर काय?

विमानाला जोडणारा बोगदा नाही. शिडीने खाली उतरून उघड्यावरून इमारतीपर्यंत चालायचे, तेव्हा जाकीट डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता हातात घ्या. सामानाच्या पट्ट्याच्या मधोमध पेंढा भरलेले पांढरे अस्वल उभे आहे. सगळे आधी त्याचा फोटो काढतात आणि बॅग एक फेरी मारून जाते. बाहेर जगभरातल्या शहरांची अंतरे दाखवणारा खांब आहे. डोंगराच्या उतारावर जागतिक बियाणे कोठाराचे काँक्रीटचे तोंड दिसते. २००८ साली सुरू झालेले हे कोठार पर्यटकांना आतून बघता येत नाही. गाव पाचेक किलोमीटर, विमानाच्या वेळेला बस असते. पायी निघू नका: वस्तीबाहेर अस्वलाचा धोका खरा आहे.

ट्रॉम्सोहून बोटीने जाता येते का?

बारमाही प्रवासी बोट नाही. उन्हाळ्यात क्रूझ जहाजे येतात, त्यांना दिवस लागतात.

भारताचे 'हिमाद्री' केंद्र इथेच ना? तिथे कसे जातात?

लाँगयरब्येनमध्ये नाही, तिथून आणखी ११० किलोमीटर वायव्येला, नी-आलेसुंद या संशोधन वस्तीत. हिमाद्री १ जुलै २००८ रोजी सुरू झाले आणि त्याचा कारभार गोव्यातून, वास्को द गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. आधी तिथे मुख्यतः उन्हाळी तुकड्या जात. डिसेंबर २०२३ पासून हिवाळी मोहिमाही सुरू झाल्या, म्हणजे आता पूर्ण काळोखातही आपली माणसे तिथे असतात. समुद्राच्या उबेत वाढलेल्या वास्कोच्या माणसाला हा प्रवास चार-पाच विमानांचा पडतो.

त्यातले शेवटचे विमान सर्वात छोटे. लाँगयरब्येन-नी-आलेसुंद मार्गावर अनेक वर्षे डॉर्नियर २२८ जातीची, पंख्याची दोन इंजिने असलेली विमाने उडत आली आहेत, ज्यांची भारतीय आवृत्ती हिंदुस्तान एरोनॉटिक्स कानपूरला बनवते. प्रवास सुमारे २५ मिनिटांचा. वजनाची मर्यादा कडक असते, कारण पट्टी आखूड आणि विमान हलके. या जागा तिथे काम करणाऱ्यांसाठी असतात. पर्यटकांना नी-आलेसुंद बघायचे तर उन्हाळ्यात जहाजाने जावे लागते. जहाज गावाच्या जवळ आले की फोनचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायला सांगतात, कारण तिथल्या रेडिओ दुर्बिणींना दूरच्या अवकाशातले फार क्षीण संकेत टिपायचे असतात. जहाजावरच फोन विमान-मोडवर टाका, कॅमेरा चालतो.